गाभ्रीचं हसू

नागपूरजवळच्या बुटीबोरीत भाड्याची खोली शोधणाऱ्या पोराला पहिला प्रश्न विचारला जातो, "फॅमिली आहे का?" एमआयडीसीत कामाला आलेला, सडाफटिंग, त्यात रात्रपाळीवाला. असा भाडेकरू कोणालाच नको असतो. तीन ठिकाणांहून नकार घेऊन आलेल्या यवतमाळकडच्या एका पोराला मी 'अशी ही बनवाबनवी'ची आठवण करून दिली, तर तो म्हणाला, "मंग आता साडी नेसू काय?" 1988 चा सिनेमा, हा जन्मला त्याच्या कितीतरी नंतर. पण सचिन पिळगावकरांनी मांडलेली अडचण त्याच्या दारात तशीच उभी होती. आपल्याला त्यात पुरुषांनी नेसलेल्या साड्या आणि अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डेंची धांदल आठवते, खोली मिळत नव्हती हे मात्र आपण विसरतो. ती सहज मिळाली असती तर पुढचा एकही विनोद घडला नसता.

हसवता हसवता दुखरी गोष्ट सांगणाऱ्या सिनेमांना मी तेव्हापासून हीच कसोटी लावतो. अडचण काढून घेतल्यावरही विनोद शाबूत राहिला, तर तो वरून चिकटवलेला.

'जाऊ तिथे खाऊ' (2007) या कसोटीवर टिकतो. विहीर फक्त कागदावर खोदलेली, म्हणून ती चोरीला गेल्याची तक्रार! सरकारी कामासाठी ज्याने चपला झिजवल्या आहेत, त्याला ही कल्पना अतिशयोक्ती वाटतच नाही. साक्षरता अभियानाच्या कागदी कारभारावरचा 'निशाणी डावा अंगठा' (2009) त्याच जातकुळीचा. तो बुलढाण्याच्या रमेश इंगळे उत्रादकरांच्या कादंबरीवर आहे. माझं मत विचाराल तर आधी कादंबरी वाचा.

उमेश कुलकर्णींनी 'वळू'त (2008) एका मोकाट बैलामागे अख्खं गाव पळवलं आणि 'देऊळ'मध्ये (2011) तसंच एक गाव दत्ताच्या दृष्टान्तामागे लावलं. 'देऊळ'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'ब्यारी'सोबत विभागून मिळाला, गिरीश कुलकर्णींना अभिनयाचा आणि संवादांचा. पूर्वार्ध मी कितीदाही पाहीन. उत्तरार्धात सिनेमा आपलं म्हणणं जरा जास्तच समजावून सांगतो.

आता आमच्या मुलखाकडे येऊ. भारत गणेशपुरेंनी टीव्हीवरून वऱ्हाडी बोली घरोघर नेली, ते श्रेय त्यांचंच. पण पुढे अनेकांना तो सोपा मार्ग सापडला. पात्राने 'काहून बे' म्हणायचं आणि लोकांनी हसायचं. त्यात अडचण कुठेच नसते, नुसता हेल असतो. नागपूरच्या बसमध्ये हेच शब्द दिवसभर कानावर पडतात, कोणी हसत नाही.

म्हणून सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) मला या सगळ्यांच्या वर वाटतो. 'गाभ्रीचा' ही आमची शिवी. रागात देतो, लाडातही देतो. दुबार पेरणीची पाळी आणणाऱ्या पावसाला दुसरं काय म्हणणार? शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला (सोनाली कुलकर्णी) धसका बसतो की आपला किस्नाही तेच करेल. ती पोराला बापाच्या मागावर ठेवते, सासूला पहाऱ्यावर बसवते, घरात गोडधोड रांधते. किस्नाच्या (गिरीश कुलकर्णी) मनात असलं काही नसतंच. तो फक्त पावसाची वाट पाहत असतो आणि एकाएकी घरचे आपल्याला इतका जीव का लावताहेत, याने वैतागतो. आपण हसतो ते त्या वैतागाला. हसताना अलकाचा पोटातला गोळा आपल्याही पोटात असतो. ज्योती सुभाष यांची म्हातारी तर एका नजरेत दोन्ही करते.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'पीपली लाइव्ह'ने हाच विषय गाजवला. तिथे एका माणसाच्या मरणाची वाट पाहायला कॅमेऱ्यांची जत्रा भरते. तो उपहास जबरदस्त आहे. पण किस्नाच्या घराकडे कोणीच फिरकत नाही, एक बायको तेवढी रात्रभर जागी असते. मला ते जास्त ओळखीचं वाटलं.

त्यानंतर शैलेश नरवाडेंच्या 'जयंती'त (2021) नागपुरी टपोरीपणा पुस्तकांच्या वाटेला लागला. 'नाळ'मध्ये (2018) लहानग्या श्रीनिवास पोकळेची वऱ्हाडी ऐकताना भाषेला हसावंसं कोणालाच वाटलं नाही. राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

त्या यवतमाळच्या पोराला शेवटी खोली मिळाली, तिघांत एक. 'गाभ्रीचा पाऊस' त्याने पाळी सुटल्यावर मोबाईलवर तुकड्यातुकड्याने पाहिला. बापामागे लपतछपत फिरणाऱ्या पोराला तो खदखदून हसला. मग मध्येच थांबवून मला विचारलं, "पाऊस येते काय शेवटी?"

म्हटलं, "नावातच आहे ना बे."