बोलण्याची लय आणि ऐकणाऱ्याचा निवाडा

अटलबिहारी वाजपेयी सभेत वाक्य अर्ध्यावर सोडून थांबत, तेव्हा सगळं मैदान पुढच्या शब्दासाठी कान टवकारून बसे. तेवढाच वेळ नोकरीच्या मुलाखतीत एखादा तालुक्याच्या गावचा मुलगा थांबला, तर समोरचे साहेब पुढच्या प्रश्नाकडे वळतात. याला काही येत नाही, हे त्यांनी ठरवलेलं असतं. थांबणं दोन्हीकडे सारखंच. कोणाच्या थांबण्याला विचार म्हणायचं आणि कोणाच्या थांबण्याला अज्ञान, हे मात्र ऐकणारा ठरवतो. वेग, ठेका, हेल आणि मधली शांतता यांवरून आपण माणसाची बुद्धी आणि नियत जोखतो, आणि तेही त्याचं म्हणणं नीट कळायच्या आत.

कानाला ही सवय फार लवकर लागते. 1998 साली तिएरी नाझी आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या नवजात बाळांना गाळणी लावलेलं बोलणं ऐकवलं. शब्द कळत नव्हते, उरला होता फक्त चढउतार आणि ठेका. तेवढ्यावर बाळांना इंग्रजी आणि जपानी वेगळ्या ओळखता आल्या; ठेक्याने जवळच्या असलेल्या इंग्रजी आणि डच मात्र नाही. म्हणजे शब्दांच्या कितीतरी आधी लय कानात जाऊन बसते. पुढे तिच्यावरच स्वभावाचे शिक्के बसतात. 1970च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित आवाजांचा वेग यंत्राने कमी-जास्त करून लोकांना ऐकवला. आवाज तोच, मजकूर तोच. वेग कमी केला की बोलणारा कमी हुशार वाटे आणि वाढवला की कमी प्रेमळ.

पण या विषयातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही. ते ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहातलं आहे. तिथे भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी कुरबुर सुरू झाली. जेवायला येणारे हमालही तेच म्हणत. भाषावैज्ञानिक जॉन गम्पर्झ यांनी पाहिलं, तर काउंटरवर जेमतेम एखाद्या शब्दाची देवाणघेवाण होत होती. ताटात मांस वाढल्यावर इंग्रज बाई ‘ग्रेव्ही?’ म्हणताना सूर वर नेई. या बायका तोच शब्द सूर खाली आणून म्हणत. इंग्रज कानाला तो प्रश्न वाटतच नसे. ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं तो ऐके.

दोन्ही तऱ्हा ध्वनिमुद्रित करून बायकांना ऐकवल्या, तेव्हा त्यांना आधी फरकच जाणवेना. आमच्याकडे असंच विचारतात, असं त्यांचं म्हणणं. फरक उलगडून सांगितल्यावर मात्र लोक आपल्याशी इतके दिवस असे का वागत होते, हे त्यांना उमगलं. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांनाही कळलं की खाली येणारा सूर हा या बायकांचा साधा विचारण्याचा सूर आहे, त्यात उर्मटपणा नाही. एका शब्दाच्या उताराने कष्टाळू बायकांना उद्धट ठरवलं होतं, याची मला आजही चीड येते.

शांततेचंही तेच. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास केला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असं त्यात दिसलं. जपानी बोलणारे सर्वांत तत्पर, डॅनिश सर्वांत सावकाश. इतक्या बारीक मापाला सरावलेला कान जरा उशीर झाला की कारण शोधू लागतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आदिवासींमध्ये उत्तराआधी काही वेळ गप्प राहणं अगदी स्वाभाविक मानतात. न्यायालयात मात्र त्या गप्पपणाचा अर्थ टाळाटाळ किंवा अपराधीपणा असा लावला जाई. डायना ईड्स यांनी 1992मध्ये वकिलांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली, ती यासाठीच. साक्षीदाराच्या गप्प राहण्यावर कोणाचं स्वातंत्र्य अवलंबून असेल, तर हा विषय नुसता उच्चारशास्त्राचा राहत नाही.

आपल्याकडे वऱ्हाड, मराठवाडा, कोल्हापूर, मालवण, प्रत्येकाचा हेल निराळा. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोली मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून महाराष्ट्रभर पोचवली, लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने गावभरच्या माणसांचे सूर उभे केले. दोन्ही मोठी कामं, आणि त्यांत माणसांबद्दल माया आहे. पण पडद्यावर आणि मालिकांत हेल काढून बोलणारा बहुतेक वेळा गडी, हवालदार नाहीतर हसवायला आणलेला पाहुणा असतो. डॉक्टर, न्यायाधीश, शास्त्रज्ञ प्रमाण ठेक्यात बोलतात. वर्षानुवर्षं हे ऐकून कान तयार होतो, आणि मुलाखतीत तोच कान निकाल देतो. शहरात शिकायला आलेली मुलगी ‘पानी’चं ‘पाणी’ चार महिन्यांत करते. वाक्याच्या शेवटी लांबणारा स्वर काही तिची पाठ सोडत नाही, आणि वर्गात हसू फुटतं ते त्यावर. हेलाची दुसरी बाजूही आहे. तीच मुलगी सुट्टीत गावी जाऊन तोडून-तोडून बोलली, तर म्हाताऱ्या आत्याला ती शिष्ट वाटते.

कान कुणाला बदलून मिळत नाही. निवाडा थोडा लांबवणं मात्र आपल्या हातात आहे. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. ते तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. शिक्षकांनो, मुलाखत घेणाऱ्यांनो, समोरचा गप्प झाला तर पुढचा प्रश्न टाकण्याआधी मनात तीन अंक मोजा, आणि मग त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐका.