मुलासाठीं निवासी शाळा

मुलाला निवासी शाळेंत ठेवावयाचें ठरलें कीं, घरांत माहितीपत्रकें गोळा होऊं लागतात. इमारती, क्रीडांगणें, तरणतलाव यांचीं चित्रें सर्वांचीं सारखींच! भेद असतो तो शाळेच्या जन्मांत आणि तिच्या दिनचर्येंत.

अजमेरचें मेयो कॉलेज १८७५ सालीं राजपुत्रांसाठीं स्थापन झालें; ग्वाल्हेरची शाळा माधवराव शिंदे यांनीं १८९७ सालीं सरदारपुत्रांसाठीं काढली. डेहराडूनच्या दून स्कूलची कल्पना सतीशरंजन दास यांची. विलायती पब्लिक स्कूलची शिस्त जातिधर्म न पाहतां हिंदुस्थानांतील मुलांना मिळावी, हा त्यांचा हेतु. १९२८ सालीं ते वारले. शाळा उघडली १९३५ मध्यें. आज मेयो आणि ग्वाल्हेर येथेंही राजकुळाबाहेरच्यांना प्रवेश आहे. अडसर राहिला तो शुल्काचा.

ग्वाल्हेरची शाळा किल्ल्यावर आहे. सूर्यास्तसमयीं एकत्र बसून मौन धरण्याचा तेथें परिपाठ असून त्याला ‘अस्ताचल’ म्हणतात. घंटेवर चालणाऱ्या दिवसांत मुलाला स्वस्थपणा कितपत लाभतो, हें अशा गोष्टींवरून कळतें, तरणतलावावरून नव्हे.

मुख्याध्यापकांची भेट सर्वच पालक घेतात. परंतु मुलाचें आजारपण आणि रात्रीचें रडणें ज्याच्या वांट्याला येतें, त्या वसतिगृहप्रमुखाला भेटल्यावांचून निर्णय करूं नये. भेटीस मुलालाही न्यावें. परततांना आगगाडींत तो केवळ पहिल्या सुट्टीची तारीखच विचारीत असेल, तर वर्षभर थांबावें. दूनमध्यें सातवींत आणि आठवींत, दोन्ही वेळीं प्रवेश दिला जातो.