दहा मिनिटांत काय होतंय?

लग्नसराई तोंडावर आली की घरोघरी एक ठरलेलं काम असतं, बँकेत लॉकरला जाऊन येण्याचं. वर्षभर अंधारात पडलेले दागिने बाहेर येतात. बँकेतून घरी, घरून गाडीत, गाडीतून कार्यालयात आणि पुन्हा उलट वाटेने लॉकरमध्ये. या सगळ्या प्रवासात त्यांची काळजी सर्वांत कमी कुठे घेतली जाते, सांगू? गाडीत. घरी आपण कपाटाला कुलूप लावतो, वर त्या कुलपाची किल्ली डाळीच्या डब्यात लपवतो. आणि गाडीत तोच ऐवज मागच्या सीटखाली सरकवून, वर शाल टाकून चहा प्यायला उतरतो. "दहा मिनिटांत काय होतंय?" असं म्हणत.

दहा मिनिटांत काय होतं ते आमच्या घराने पाहिलं आहे.

माझी धाकटी जाऊ सोलापूरला असते. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाला ती, भाऊजी आणि दोन मुलं गाडीने मिरजेला निघाली. आम्ही आदल्या दिवशीच पोचलो होतो. जावेच्या व्हॅनिटी केसमध्ये सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या होत्या, तिच्या आईची मोहनमाळ होती, अंगठ्या होत्या. पर्समध्ये मोबाइल, रोख पैसे आणि घराच्या किल्ल्या. वाटेत एका हॉटेलाशी थांबले. धाकटी कडेवर रडत होती, तिला बाथरूमला न्यायचं होतं. जावेने विचारलं, "केस बरोबर घेऊ का?" भाऊजी म्हणाले, "कशाला ते ओझं? दहा मिनिटांत काय होतंय?"

आता खरं सांगा, बायकांनो, अशा वेळी आपण काय करतो? हायवेवरच्या हॉटेलातलं ते बाथरूम. जमीन ओली, पर्स अडकवायला खुंटी नाही, दाराची कडी धड लागत नाही, आणि एका हातात लेकरू. पर्स ठेवायची कुठे? म्हणून ती गाडीत राहते. निष्काळजीपणा म्हणून नाही, सोय नाही म्हणून.

परत आले तेव्हा मागच्या दाराची काच नव्हती. सीटवर खडीसाखरेसारखे काचेचे खडे पसरलेले. शाल तशीच होती, खालची केस गेली होती आणि पर्सही. शेजारच्या गाडीतल्या माणसांना आवाजसुद्धा आला नव्हता.

भाऊजींच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "तुला कुणी सांगितलं होतं सगळं सोनं घेऊन यायला?"

कार्यालयात पोचले तेव्हा खिडकीला प्लॅस्टिकची पिशवी चिकटवलेली आणि जावेचा चेहरा पांढरा पडलेला. मला म्हणाली, "ताई, माझंच चुकलं." त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने तिला एक एक प्रश्न विचारला. एवढं कशाला आणलं, डोळ्यासमोर का नाही ठेवलं, आईची माळ तरी घरी ठेवायचीस. भाऊजींना मात्र कुणी काही विचारलं नाही. लग्नात दागिने घालायचे ते घराची शोभा म्हणून, तेव्हा सोनं सगळ्यांचं असतं. हरवलं की ते एकटीचं होतं.

वर एक मोठं माणूस म्हणालं, "लग्नघरात पोलिसांचं नाव नको. झालं ते झालं." मी मात्र ऐकलं नाही. संस्थेच्या कामामुळे पोलीस ठाण्याची पायरी मी बऱ्याचदा चढलेली आहे. हळदीचा कार्यक्रम आटोपल्यावर जावेला घेऊन तिथल्याच ठाण्यात गेले. चोरी वाटेत झाली असली तरी तक्रार तिथे देता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. ती नोंदवून घेतात आणि ज्या ठाण्याच्या हद्दीत गुन्हा घडला तिकडे पाठवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर हे स्पष्टच लिहिलेलं आहे. तक्रार ऑनलाइन पाठवायचीही सोय त्यात आहे, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ती मागून घ्यायची, लाजायचं नाही.

एक लक्षात ठेवा. काही वेळा घाईत "वस्तू गहाळ" अशी नोंद होते. गहाळ म्हणजे हरवलेलं. काच फोडून नेलेली वस्तू हरवलेली नसते, चोरीला गेलेली असते. त्यामुळे तक्रारीत चोरी हाच शब्द हवा. सही करण्यापूर्वी तक्रार वाचून घ्या.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, "बिलं आहेत का?" जाऊ गप्प. सासूबाईंच्या पाटल्यांचं बिल कुठून आणणार? आईने अंगावरची उतरवून दिलेली माळ, तिला कसली पावती? आपल्या घरातलं निम्मं सोनं असंच हाताकडून हाताकडे आलेलं असतं. मग मला आठवलं, तिच्या डोहाळजेवणाचे फोटो. फुलांची वाडी भरलेली, हात पुढे घेतलेले, आणि दोन्ही हातांत त्याच पाटल्या, नक्षीसकट स्पष्ट. तो फोटो तक्रारीला जोडला. गावाकडच्या सराफांनी पाटल्यांच्या आतल्या बाजूला त्यांच्या पेढीचा शिक्का असल्याचं लिहून दिलं.

जवळजवळ वर्षाने फोन आला. एक टोळी पकडली होती. जप्त केलेल्या मालात पाटल्या होत्या. फोटो आणि शिक्का जुळला आणि कोर्टामार्फत पाटल्या परत मिळाल्या. मोहनमाळ मिळाली नाही. ती बहुतेक वितळवली गेली. जावेची आई आता नाही. त्या माळेचा एकही नीट फोटो कुणाकडे नव्हता, कारण तिची आई ती नेहमी पदराखाली घालायची.

म्हणून आमच्या महिला मंडळात मी आता सगळ्यांना एक काम देते. एखाद्या दुपारी खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर प्रत्येक दागिना ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. पुढून, मागून, शिक्क्याचा जवळून. वजन लिहा. फोटो मुलीला, बहिणीला पाठवून ठेवा, कारण मोबाइलच चोरीला गेला तर? नवीन दागिना घेताना पक्कं बिल घ्याच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकताना त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असावा लागतो. प्रत्येक दागिन्याचा तो नंबर वेगळा. तो नंबर लिहून ठेवा. आणि बिल तुमच्या नावावर करून घ्या. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की स्त्रीधन हे त्या स्त्रीच्या एकटीच्या मालकीचं असतं. मालकी आपली, तर कागदही आपल्याच नावाचा हवा.

आता गाडीबद्दल. चोर गाडी बघून काच फोडत नाही, आत काय दिसतंय ते बघून फोडतो. सीटवर पर्स, लॅपटॉपची बॅग, अगदी रिकामी पिशवीसुद्धा त्याला पुरते. शाल टाकून झाकलेली वस्तू तर ओरडून सांगते, इथे काहीतरी आहे. मोबाइल चार्जिंगला लावून सोडू नका, नुसती वायर लोंबत असली तरी आत मोबाइल असेल असं वाटतं. आणि मौल्यवान सामान डिकीत ठेवायचंच असेल, तर ते घरून निघतानाच ठेवा. मुक्कामी पोचल्यावर चारचौघांसमोर डिकी उघडून पर्स आत टाकायची आणि आपण देवळात जायचं, म्हणजे बघणाऱ्याला पत्ता देण्यासारखंच. शिवाय बऱ्याच गाड्यांची डिकी ड्रायव्हरच्या सीटजवळच्या खटक्याने उघडते. एक काच फुटली की डिकीही गेली. तेव्हा डिकी कपड्यांच्या बॅगांसाठी, सोन्यासाठी नाही.

सोनं आणि रोकड अंगाबरोबरच हवी. छोट्या आडव्या बॅगेत, पट्टा खांद्यावरून तिरका घेऊन. आणि वाटेत थांबलात की सगळ्यांनी एकदम उतरायचं नाही. पाळी लावा. आधी दोघं, मग दोघं. आमच्या घरात आता हा नियमच झाला आहे आणि पहिली पाळी भाऊजी स्वतः घेतात. गाडीत बसून राहतात आणि म्हणतात, "तुम्ही या जाऊन, मी आहे इथे." ते तोंडाने कधी काही बोलले नाहीत. पण मला तेवढं पुरलं.

रिमोटचं बटण दाबून तसंच चालू पडायची सवय असते. बटण दाबल्यावर दाराचा खटका एकदा ओढून बघा. गाडीत बसलेल्या असाल तरी दारं आतून लॉक ठेवा. कुणी काचेवर टकटक करून म्हणालं, "ऑइल गळतंय", "टायर पंक्चर आहे", "तुमच्या नोटा पडल्यात", तर घाईने उतरू नका. एक जण बोलण्यात गुंतवतो, दुसरा पलीकडचं दार उघडतो. थोडं पुढे, जिथे वर्दळ आहे, पेट्रोल पंप आहे, तिथे जाऊन बघा.

हे झालं गाडीवाल्यांचं. "आमच्याकडे कुठे गाडी?" असं म्हणून पान उलटू नका. स्कूटीची डिकी तर आपल्या सगळ्यांची तिजोरीच. आमच्या बचत गटाच्या एका ताईंनी बँकेतून गटाचे पैसे काढले, डिकीत ठेवले आणि घरी जाता जाता भाजी घ्यायला थांबल्या. बँकेपासून कुणीतरी मागावर होतं. मेथीची जुडी निवडेपर्यंत डिकी रिकामी झाली. पैसे गटाचे होते, बारा जणींचे. त्या ताई मंगळसूत्र मोडायला निघाल्या होत्या. शेवटी आम्ही बैठक घेतली आणि सगळ्यांनी मिळून ते थोडे थोडे भरले. तेव्हापासून नियम केला आहे. गटाचे पैसे काढायला दोघी जायच्या, बँकेतून थेट घरी यायचं, मध्ये भाजी नाही, टेलर नाही.

चोरी झालीच तर आधी कुठेही हात न लावता फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. एटीएम कार्ड लगेच बंद करा. मोबाइल गेला असेल तर एफआयआरच्या आधारे संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. खात्यातून पैसे गेल्याचं कळलं तर १९३० ला कळवा. गाडीच्या सर्वंकष विम्यात फुटलेली काच बसते, पण आतलं सामान सहसा बसत नाही. सोन्याची भरपाई त्यातून मिळेल या भरवशावर राहू नका.

आणि एक गोष्ट, जी त्या दिवशी आम्हाला उशिरा सुचली. पर्समध्ये घराच्या किल्ल्या होत्या आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातली गाडीची कागदपत्रंही गेली होती. त्यावर घराचा पत्ता! म्हणजे चोराच्या हातात किल्लीही आणि पत्ताही, आणि घरातले सगळे लग्नाला. रात्री अकराला शेजाऱ्यांना फोन करून दाराला दुसरं कुलूप लावून घेतलं. लायसन्स आणि आरसी आता डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात आणि ती ग्राह्य धरली जातात. मूळ कागद गाडीत ठेवायची गरजच नाही.

लॉकरचंही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे बँकेत चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. म्हणजे तिथेही यादी आणि फोटो आपल्याकडे हवेतच. तरी गाडीच्या सीटखालच्या जागेपेक्षा लॉकर केव्हाही बरा.

परवा जावेची मुलगी शाळेच्या कार्यक्रमात नऊवारी नेसली. हातात आजीच्या पाटल्या हव्या म्हणून हटून बसली. जावेने घातल्या, सैल होत्या म्हणून दोरा गुंडाळला, आणि फोटो काढला. हातांचा वेगळा, जवळून. मग मला म्हणाली, "ताई, आईच्या माळेचा एक जरी फोटो असता ना!"

त्या माळेसाठी आता काही करता येत नाही. पण तुमच्या घरात एखादी माळ, एखादी ठुशी अजून आहे ना? मग आज दुपारी जेवणं आटोपली की तेवढं एक काम करा.