घरी येणारी शुश्रूषा

वृद्ध मनुष्य एकटा राहतो म्हणून तो एकाकी असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत किती अपुरी आहे हे पीटर टाउनसेंड या इंग्लिश समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले. लंडनच्या पूर्व भागातील बेथनल ग्रीन ही कष्टकऱ्यांची जुनी वस्ती. १९५४-५५ साली तेथील २०३ वृद्धांच्या मुलाखती घेण्यात आल्या, आणि १९५७ साली टाउनसेंडने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्यांचा इतरांशी संबंध फारसा येत नाही, अशी सर्वच माणसे स्वतःला एकाकी म्हणवीत नव्हती. उलट ज्यांचा जोडीदार नुकताच निवर्तला होता, किंवा ज्यांचे जिवाभावाचे माणूस दुरावले होते, त्यांच्यात ही व्यथा अधिक आढळली. माणसांची संख्या कमी असणे हे दुःखाचे मूळ नव्हे. असलेले माणूस नाहीसे होणे हे मूळ होय.

तेव्हा एकटेपणा आणि एकाकीपणा यांत भेद केला पाहिजे. घरात किती माणसे आहेत हे शिरगणती करणारा कारकूनही सांगू शकेल; परंतु एकाकीपणा ज्याचा त्यालाच विचारावा लागतो. याकरिता लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली वीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही प्रचारात आहेत. हा केवळ मनाचा प्रश्न आहे असेही नाही. १४८ निरनिराळ्या संशोधनांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती २०१० साली एकत्र तपासण्यात आली. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसून आली. आजारामुळे संबंध तुटतात की संबंध तुटल्यामुळे आजार वाढतो, हे अशा तपासणीतून पुरते उलगडत नाही. बहुधा दोन्ही घडत असावे.

संबंध तुटतात तरी कसे? मृत्यूने तुटतात, मुले परगावी गेल्याने तुटतात, हे सर्वांस ठाऊक आहे. शरीरामुळे ते कसे तुटतात याचा विचार मात्र क्वचितच होतो. पायांतील बळ गेले की प्रथम देऊळ किंवा मशीद सुटते, मग बाजार सुटतो, आणि अखेरीस घराचा ओटाही सुटतो. ऐकू येईनासे झाले की चारचौघांत बसूनही मनुष्य बाहेरचाच राहतो. लघवीवर ताबा राहिला नाही की तो लाजेने आपण होऊनच इतरांना टाळू लागतो. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्याच्या पाठीला शय्याव्रण होतात. ते चिघळले की दुर्गंधी सुटते. शेजारी दाराशीच थांबतात, नातवंडांना त्या खोलीत जाऊ देत नाहीत. घर माणसांनी भरलेले असते आणि त्या खोलीत कोणी नसते.

घरी जाऊन केलेल्या शुश्रूषेचे मोल येथे कळते. केरळ राज्यात याचे एक मोठे उदाहरण उभे राहिले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण सर्व राज्यांत केरळमध्येच अधिक, म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त होते. तेथील असंख्य तरुण आखाती देशांत नोकरीस गेलेले; मागे राहतात ती वृद्ध आईबापे. कोळिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी उपशामक शुश्रूषेची संस्था सुरू केली. असाध्य रोग बरा करता येत नसला, तरी त्याची पीडा कमी करता येते, हे या शुश्रूषेचे तत्त्व. लवकरच असे दिसून आले की जे सर्वाधिक पीडित आहेत ते रुग्णालयापर्यंत पोचूच शकत नाहीत. म्हणून १९९९ साली मलप्पुरम जिल्ह्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साहाय्याने चालणारे जाळे विणण्यास आरंभ झाला. प्रथम कर्करोगाच्या रुग्णांसाठी असलेली ही सेवा पुढे पक्षाघात झालेल्या व वार्धक्याने अंथरुण धरलेल्या लोकांपर्यंत गेली. २००८ साली राज्य शासनाने तिला धोरणाचे रूप दिले आणि ग्रामपंचायतींनी परिचारिका नेमून ही सेवा चालविण्यास सुरुवात केली.

परिचारिका घरी येते तेव्हा ती काय करते? ती जखम धुते. दुर्गंधी येत असेल तर मेट्रोनिडाझोल या औषधाची पूड तीवर घालते. दुर्गंधी उत्पन्न करणारे जंतू तिने मरतात. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलते, तोंड स्वच्छ करते, रुग्णाची कूस वरचेवर कशी पालटावी हे सुनेला किंवा पत्नीला दाखविते. यांपैकी एकही काम ‘एकाकीपणावरील उपाय’ म्हणून केले जात नाही. परंतु वास गेला की शेजारी खाटेजवळ येऊन बसू शकतो. वेदना शमली की रुग्णाला त्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. गोड बोलण्याने जे साधले नसते, ते पुष्कळदा स्वच्छ पट्टीने साधते.

आणखी एक एकाकी जीव त्या घरात असतो, तो म्हणजे शुश्रूषा करणारी स्त्री. रात्रंदिवस उशाशी बसावे लागत असल्याने तिचेही माहेर, शेजार, लग्नकार्ये सुटलेली असतात. आपण करतो ते बरोबर आहे काय, हे विचारण्यासही तिला कोणी नसते. परिचारिका तिच्या या प्रश्नाचे उत्तर देते, आणि तेवढ्यानेही तिचे ओझे काहीसे हलके होते.

तथापि घरी कोणीतरी आले एवढ्यानेच हा गुण येतो असे नाही. रोज नवा चेहरा, घड्याळाकडे लागलेली दृष्टी आणि पाठ फिरविण्याची घाई असेल, तर शुश्रूषा होते आणि एकाकीपणा तसाच राहतो. ब्रिटनमध्ये अशा पळत्या भेटींविषयी पुष्कळ तक्रारी झाल्या. तेथील आरोग्यविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१५ साली सांगितले, की अर्ध्या तासाहून कमी वेळाची भेट केवळ मर्यादित कामापुरतीच असावी, आणि तीही येणारी व्यक्ती वृद्धाच्या ओळखीची असेल तरच. ओळखीच्या या अटीचे महत्त्व मिनिटांहून कमी नाही. जो कालही आला होता त्याला गुडघ्याचे दुखणे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.

केरळमध्ये पंचायतीच्या परिचारिकेकडे अनेक घरे असतात. तिला रोज प्रत्येक दारी जाणे शक्य नसते. मधल्या दिवसांची भिस्त स्वयंसेवकांवर असते. ते त्याच गावचे शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी असतात आणि थोडे प्रशिक्षण घेऊन हे काम करतात. कोणाच्या घरी तांदूळ संपले आहेत, कोणाच्या नातवाची शाळेची फी थकली आहे, हे त्यांना परिचारिकेच्या आधी कळते, आणि तेही काम ते आपलेच मानतात. त्यांच्या हातात औषधांची पेटी नसते. ते येतात, खाटेजवळ बसतात, आणि मुलाचा दुबईहून फोन आला होता काय, असे विचारतात.