ध्रुवप्रदेशांतील धूर

उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचें नांव निघतांच शुभ्र हिम व निर्मळ आकाश आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु १९५० नंतरच्या दशकांत अलास्काच्या उत्तरेस उड्डाण करणाऱ्या अमेरिकन वैमानिकांस तेथील हवेंत धुरकट पट्टे दिसूं लागले. १९७७ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं ती आशियांतील वाळवंटांची धूळ असावी असें प्रसिद्ध केलें. पुढें नमुने तपासतां तींत तेल व कोळसा जाळल्याच्या खुणा सांपडल्या. यूरोप व रशियांतील धुराड्यांचा धूर इतका दूर आला होता! हिंवाळ्यांत तेथील थंड, जड हवा वर चढत नाहीं व पाऊसही फारसा पडत नाहीं. म्हणून शिरलेला धूर आठवडेच्या आठवडे रेंगाळतो.

अशा ओसाड मुलखांत जागोजागीं यंत्रें मांडणें कठीण. तेव्हां उपग्रहाची आठवण होते. पण साधा उपग्रह पृथ्वीवरून परतणारा सूर्यप्रकाश पाहतो, आणि तेथें तर हिंवाळ्यांत सूर्य उगवतच नाहीं. उगवला तरी खालीं हिम पांढरें, वर ढगही पांढरे. चुना दिलेल्या भिंतीपुढें धरलेला कापूस दुरून ओळखूं येईल काय?

उपाय एकच : आपला दिवा आपणच न्यावा. अमेरिका व फ्रान्स यांनीं २८ एप्रिल २००६ रोजीं सोडलेला ‘कॅलिप्सो’ उपग्रह हेंच करी. सुमारें ७०० किलोमीटर उंचीवरून तो सेकंदास वीस वेळां लेसरचा हिरवा प्रकाश खालीं सोडी. वाटेंत धुराचे कण भेटले कीं किंचित् प्रकाश माघारीं फिरे, व एक मीटर व्यासाची दुर्बीण तो टिपून घेई. विहिरींत दगड टाकून आवाज किती वेळानें येतो त्यावरून खोली अजमावतात, तशीच येथें प्रकाशाला लागलेल्या वेळावरून धुराच्या थराची उंची कळे. गोल थेंब व टोंकदार हिमकण प्रकाश निरनिराळ्या रीतीनें परतवितात, यावरून धूर कोणता व ढग कोणता हेंही बहुधा ओळखतां येई. ऐन ध्रुवावरून मात्र तो जात नसे. सुमारें ८२ अक्षांशांपर्यंतच त्याची धांव होती. २०२३ सालीं त्याचें काम संपलें.

धूर नेमका कोणाचा, हें एकट्या लेसरला सांगतां येत नाहीं. त्यासाठीं २००८ च्या एप्रिलांत अलास्कावरून विमानें फिरविलीं, तेव्हां बराचसा धूर सैबेरियांतील वणव्यांचा व कझाकस्तानांतील जाळलेल्या शेतांचा निघाला.

विद्यार्थिमित्रांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी असें आम्हांस वाटतें. काजळी पडलेलें हिम ऊन अधिक शोषतें व लवकर वितळतें. केवळ काजळीमुळेंच नव्हे, तरी समुद्रावरील बर्फ आतां पातळ होत चालला आहे. आणि त्याच बर्फावरून शिकारीस जाणाऱ्या इनुइट लोकांचे, पाऊल कोठें ठेवावें याविषयींचे वडिलार्जित ठोकताळे चुकूं लागले आहेत.