उचलीचा हिशेब आणि परदेशी अभ्यासक

कृष्णा-तारळीच्या संगमाजवळ, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या उंब्रजच्या आसमंतात दिवाळीनंतर गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे बीडकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या टोळ्या फडांच्या कडेला आपल्या कोप्या उभारतात आणि यशवंतनगरच्या सह्याद्री साखर कारखान्याकडे उसाच्या वाहनांची रीघ लागते. गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी झटणाऱ्या एखाद्या संस्थेची आंतरराष्ट्रीय फेलोशिप घेऊन येणाऱ्या तरुण अभ्यासकाने कामाचे पहिले आठवडे कोठे व्यतीत करावेत, असे कोणी विचारल्यास मी निःशंकपणे याच टापूचे नाव घेईन. कारण कष्टाचे पारतंत्र्यात रूपांतर कोणत्या बिंदूवर होते, हे ओळखण्याचे कठीण शिक्षण येथे मिळते.

या कार्याशी सातारा प्रांताचा ऋणानुबंध जुना आहे. 1839 साली लंडनमध्ये गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली, तीच आजची अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल. आणि त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून दूर केले. महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले, तेव्हा महाराजांची बाजू तेथे जाहीरपणे मांडणाऱ्यांत जॉर्ज टॉमसन हे गुलामांच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचणारे विख्यात वक्ते अग्रभागी होते. पुढे 1873 साली, ज्यांचे मूळ घराणे याच जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. आणि 1999 साली, ठाणे जिल्ह्यातील आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या विवेक पंडितांचा लंडनच्या त्याच संस्थेने आपल्या पुरस्काराने गौरव केला. येथे येणाऱ्या परदेशी अभ्यासकाने, म्हणून, आपण अपरिचित भूमीवर नवा विचार घेऊन आलो आहोत असे मानू नये. दोन्ही बाजूंनी चालत आलेल्या एका दीर्घ संवादात तो सामील होत असतो.

आता मूळ विषयाकडे वळू. हंगामापूर्वी कारखान्याकडून वाहतूकदाराला, वाहतूकदाराकडून मुकादमाला आणि मुकादमाकडून टोळीला अशी रक्कम उतरत येते; तिला उचल म्हणतात. नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ धरून ही उचल ठरते आणि तोडलेल्या उसाच्या टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून ती फेडावयाची असते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. तथापि आजारपणाने खाडा पडला म्हणजे त्याचा दंड, घरखर्चासाठी मध्येच घेतलेली रक्कम आणि अवकाळी पावसाने बुडालेले दिवस यांची वजाबाकी होऊन, हंगामाची पट्टी पडल्यावर कित्येकांच्या अंगावर बाकी राहते, आणि ती फेडण्यासाठी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते.

एवढ्यावरून प्रत्येक ऊसतोड्यास वेठबिगार म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 अन्वये आगाऊ रकमेच्या मोबदल्यात मजुराने किमान वेतनाचा, दुसरीकडे काम करण्याचा वा मोकळेपणाने फिरण्याचा हक्क गमावला आहे काय, हा निर्णायक प्रश्न असतो. उत्तर होकारार्थी आले, तर त्या कर्जाची परतफेड करण्याचे दायित्वच नष्ट होते. शिवाय मजुराने ते कर्ज वेठबिगारीचे असल्याचे सांगितल्यावर, तसे नसल्याचे शाबीत करण्याचा भार सावकारावर पडतो. 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे जाऊन, किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम हे घटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेले सक्तीचे श्रमच होत, असा निर्वाळा दिला.

म्हणून पहिल्या आठवड्यांत अभ्यासकाने जागतिक आकडे बाजूला ठेवावेत. जगात सुमारे 2 कोटी 76 लक्ष माणसे सक्तीच्या श्रमात अडकली आहेत, हा 2021 सालचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अंदाज महत्त्वाचा खरा, परंतु त्याच्या आधारे कराडच्या तहसील कचेरीत एकही अर्ज दाखल होत नाही. तेथे लागते ती एका कुटुंबाची बिनचूक जबानी: उचल किती, केव्हा आणि कोणाच्या हातून घेतली, कोयत्याच्या मजुरीतला बाईचा वाटा कोणाच्या हाती पडला, घरी जाऊ द्या म्हटल्यावर काय उत्तर मिळाले, मुलांची शाळा कोठे सुटली. मुकादमाचेही म्हणणे ऐकावे, कारण वाहतूकदाराचे कर्ज त्याच्याही डोक्यावर असते. पण त्याची अडचण समजून घेणे वेगळे आणि त्याने माणसे अडवून ठेवणे क्षम्य मानणे वेगळे, हा विवेक सुटू देऊ नये.

ही जबानी घाईने वा दुभाष्याच्या भरवशावर घेतली गेली, तर चौकशीत तिच्यातील विसंगती उघडी पडते, मुक्ततेचा दाखला नाकारला जातो आणि तक्रार करणारे कुटुंब रोषास पात्र होऊन पुन्हा त्याच माणसाच्या दारी उभे राहते. दाखल्यावाचून केंद्राच्या 2016 च्या योजनेतील 1 लाख ते 3 लाख रुपयांच्या पुनर्वसन साहाय्याचा मार्गही खुंटतो. परदेशातून आलेल्या पाहुण्याची चूक त्याच्या अहवालात दुरुस्त होऊ शकते, फडावरच्या माणसाला तिची किंमत पुढच्या हंगामात मोजावी लागते. यास्तव आपल्या उचलीचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे, ही जाणीव त्या कुटुंबात रुजेपर्यंत अभ्यासकाने तेथे टिकून राहावे, हीच त्याच्या फेलोशिपची खरी कसोटी होय.