बिऱ्हाड पाठीवर – दोघांच्याही!

मैत्रिणींनो, सहलीला निघायच्या आदल्या रात्री तुमच्या घरी बारा वाजेपर्यंत कोण जागं असतं, हे मी विचारणार नाही. चिवड्याचे नि दशम्यांचे डबे, तापाच्या गोळ्यांपासून बामापर्यंत औषधांची पुरचुंडी, सगळ्यांचे टॉवेल, यजमानांचं दाढीचं सामान – असा अख्खा संसार बॅगांत कोंबून आपण निघतो. गाव बदलतं, काम बदलत नाही. थंड हवेच्या ठिकाणीही ‘अगं, माझे मोजे कुठं ठेवलेस?’ हा प्रश्न आपल्यालाच! आणि समुद्रावर सगळी मंडळी पाण्यात असताना चपला नि घड्याळं राखत वाळूत बसणारी बाई कोण, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून आज जरा निराळ्या प्रवासाबद्दल सांगते. पाठीवर एकेक सॅक आणि नवरा-बायको दोघंच. टूर कंपनी नाही, झेंडा उंच धरून पुढं चालणारा गाईड नाही. आम्ही दोघं – हे साठीला टेकलेले, मी पंचावन्नची – फेब्रुवारी महिन्यात असे सोळा दिवस फिरून आलो. बँकॉक, मग दक्षिण थायलंडचा समुद्र, तिथून आगगाडीनं मलेशियात पेनांग आणि शेवटी क्वालालंपूर.

‘इश्श! हे कॉलेजातल्या पोरांचं काम!’ असं म्हणाल. पण या भागात पाठीवर पिशवी टाकून कमी पैशात कसं हिंडावं, याचं ज्या पुस्तकानं जगाला वेड लावलं, ते लिहिलं होतं एका नवरा-बायकोनंच. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे ते जोडपं. १९७५ साली सिंगापूरच्या एका स्वस्त हॉटेलात मुक्काम ठोकून दोघांनी ते तयार केलं. पिवळ्या कव्हरचं ते पुस्तक मग कितीतरी वर्षं गोऱ्या पोरापोरींच्या हातांत दिसायचं. तेव्हा ही वाट मुळात जोडप्यानंच पाडलेली आहे, बरं का!

आम्ही का निघालो, तेही सांगते. लेक लग्न होऊन गेली, मुलगा नोकरीसाठी बंगलोरला, यांची निवृत्ती झालेली. घरात सासूबाई नि आम्ही दोघं. आणि खरं सांगू? दूध, वीजबिल आणि गॅसचा नंबर यांपलीकडं आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. भांडणही होत नव्हतं. भांडायलासुद्धा काही विषय लागतो ना!

निघण्यापूर्वी दोन नियम ठरवले. पहिला – ज्याचं त्यानं भरायचं, ज्याचं त्यानं उचलायचं, आणि वजन सात किलोच्या वर नाही. (स्वस्त विमानांत बहुधा तेवढंच जवळ ठेवू देतात. वरचे पैसे वेगळे, आणि ते तिकिटाइतके जड!) दुसरा नियम – एक दिवस यांचा, एक दिवस माझा. ज्याचा दिवस, त्याच्या कमरेला पैशाचा बटवा. कुठं जायचं, काय खायचं, किती खर्चायचं ते त्यानंच ठरवायचं. दुसऱ्यानं रात्रीपर्यंत ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणायचं नाही. या दुसऱ्या नियमाची किंमत आपण बायकांनाच कळावी. भाजीचा हिशेब आपल्याकडं असतो, पण परक्या देशात सगळा बटवाच आपल्या कमरेला, ही गोष्ट फार वेगळी. पहिल्या दिवशी तर मी दर दहा मिनिटांनी तो चाचपून पाहत होते.

सात किलोत काय मावतं? अंगावरचा एक नि सॅकमधले दोन असे सुती कुर्ते, झटकन वाळणाऱ्या दोन विजारी, दोन मोठ्या सुती ओढण्या. ओढणीसारखी गुणी वस्तू नाही. देवळात खांदे झाकायला ती, गाडीत पांघरायला ती, समुद्रावर पंचा म्हणूनही तीच. शिवाय नायलॉनची दोरी, साबणाची वडी, सेफ्टी पिना. थायलंडात गल्लोगल्ली किलोवर कपडे धुऊन देणारे आहेत. सकाळी द्या, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घडी घालून परत! सोळा दिवसांत मी यांचा एक रुमालही पिळला नाही. आणि आपल्या बायकांना नेहमी सतावणारी एक काळजी – थायलंडातल्या बहुतेक संडासांत पाण्याचा फवारा असतो. कागदाची भानगड नाही.

विमानतळावर उतरताच नाव वाचलं – सुवर्णभूमी! पुढंही सारखं असंच होत राहिलं. थाई भाषेत नवऱ्याला म्हणतात ‘सामी’, म्हणजे आपला स्वामी. आणि बायको उच्चारात ‘फन्रया’ असली तरी लिहितात भार्या. मलेशियात नवरा-बायको म्हणजे ‘सुआमी-इस्तेरी’, उपवासाला ‘पुआसा’, भाषेला ‘बहासा’. हे दोन दिवस स्वतःला स्वामी म्हणवून घेत होते. बटव्याची पाळी आली की मात्र स्वामींना चहासुद्धा मागून घ्यावा लागे.

बँकॉकमध्ये सॅकवाल्यांची पंढरी म्हणजे खाव सान रस्ता. खाव सान म्हणजे सडलेला तांदूळ. पूर्वी तिथं तांदळाचा बाजार होता. आता रात्रभर गाणी नि गलका. आपण तिथं एकदा चक्कर मारावी, खोली मात्र दोन गल्ल्या सोडून घ्यावी. मिळते. शहरात फिरायला चाव फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची बोट धरा. बसायला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर आपली लोकल आहेच सवयीची! बोटीनं वाट फो देवळाशी गेलो. तिथली पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे. देवळात खांदे नि गुडघे झाकलेले हवेत. आणि भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही; बोटीत शेजारी जागा रिकामी दिसली तरी बसू नये.

माझा दिवस आला तेव्हा मी मॉल सोडून अयुथयाला जायचं ठरवलं. अयोध्येवरून नाव घेतलेली ही जुनी राजधानी बँकॉकपासून ८० किलोमीटरवर; साध्या आगगाडीचं तिकीट पंधरा-वीस बाट, म्हणजे पन्नास-साठ रुपये. १७६७ साली ब्रह्मी सैन्यानं हे शहर उद्ध्वस्त केलं. वाट महाथात या पडक्या देवळात एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचं दगडी मस्तक अलगद धरून ठेवलं आहे. त्याच्याजवळ फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं. आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याहून उंच चालत नाही. हे उन्हानं कावले होते, गुडघ्यांची कुरकुर चालू होती. पण नियम म्हणजे नियम, एक अक्षर बोलले नाहीत! रात्री मात्र बोलले, ‘तू नसतीस तर मी हे पाहिलं नसतं.’ एवढंच. आमच्याकडं एवढंही पुष्कळ असतं.

आता पोटाचं. आम्ही शाकाहारी, आणि तिथं भाजीतसुद्धा माशाचा रस पडतो. ‘माय साय नाम प्ला’ – माशाचा रस घालू नका – हे चार शब्द पाठ करा. शाकाहाराला ते ‘मंगसविरत’ म्हणतात, बघा, मांसविरती! पण त्यात अंडं चालतं. सगळ्यांत निर्धास्त म्हणजे पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या गाड्या. तिथं मांस-मासे-अंडं तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. अगदी आपला चातुर्मास! वर्षातून नऊ दिवस त्यांचा या जेवणाचा उत्सवही असतो. आणि फळं! मँगोस्टीन नावाचं जांभळं फळ फोडलं की आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या निघतात. ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं. माझं माहेर रत्नागिरीकडचं. पहिली पाकळी तोंडात टाकली नि मला बाजारातच हसू फुटलं. बरोबर नेलेला चिवडा शेवटी एका जर्मन मुलीनं संपवला.

बँकॉकहून दक्षिणेला त्रांगपर्यंत रात्रीची गाडी घेतली. लांबच्या बहुतेक गाड्या २०२३ पासून नव्या स्थानकावरून सुटतात, तेवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात संध्याकाळी गाडीवाला येऊन पांढरीशुभ्र चादर घालून बिछाना करून देतो. दुसऱ्यानं घातलेल्या अंथरुणावर आयतं निजायचं, याचं सुख तुम्हाला वेगळं सांगायला नको. खालचा बर्थ रुंद असतो, तिकीट थोडं जास्त. दोघांत एक तरी खालचा घ्या.

त्या रात्री यांना झोप येईना, म्हणून वरून उतरून माझ्या पायाशी येऊन बसले. बाहेर काळोख. आणि एकाएकी म्हणाले, ‘मला बोटीवर जायचं होतं. मर्चंट नेव्हीचा फॉर्म भरला होता. ताईचं लग्न ठरलं, मग मिळाली ती नोकरी धरली.’ एकतीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मग मीही सांगितलं – लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला बँकेतून आलेल्या नेमणुकीच्या पत्राबद्दल. ते पत्र यांना ठाऊक होतं. मी ते अजून जपून ठेवलं आहे, हे ठाऊक नव्हतं. पुढं बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग यांनी चादर माझ्या पायांवर नीट ओढली आणि वर चढून निजले.

त्रांगहून गाडीनं कोह लांता बेटावर. या पश्चिमेच्या किनाऱ्याला साधारण मे ते ऑक्टोबर आपल्यासारखाच पावसाळा, समुद्र खवळलेला. पूर्वेच्या कोह सामुईला मात्र जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे महिना पाहून किनारा निवडावा. लांतावर बरीचशी वस्ती मुसलमानांची, शांत आणि सोज्वळ. पंख्याची साधी खोली परवडते. काय घालून पाण्यात उतरावं याची मला धास्ती होती. पण अंगभर पोहण्याचा पोशाख घालून, डोकं झाकून पोहणाऱ्या बायका पाहिल्या आणि मी लांब बाह्यांचा टी-शर्ट नि विजार घालून सरळ शिरले. कुण्णी बघत नाही हो! लग्नानंतर घोट्याच्या वर समुद्राचं पाणी मला लागलं नव्हतं, आणि पोहणं अंग विसरलं नव्हतं. यांना पोहता येत नाही. माझ्या चपला, चष्मा आणि घड्याळ सांभाळत हे तासभर वाळूत बसून होते.

लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊ नका. काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या दिसतील. त्या जेलीफिश डसला तर ओतायच्या. गोडं पाणी नको, चोळणं तर नकोच. मोटारसायकल भाड्यानं घेण्याचा मोह पुरुषमंडळींना फार होतो. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते, हे त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा. आणि गाडीच्या बदल्यात पासपोर्ट गहाण ठेवायचा नाही म्हणजे नाही.

पुढं हाट याईवरून आगगाडीनं पाडांग बेसारला गेलो. एकाच स्टेशनात थायलंडचा शिक्का, चार पावलांवर मलेशियाचा शिक्का, आणि घड्याळ एक तास पुढं. पायी सरहद्द ओलांडण्याची गंमत विमानात नाही. तिथून बटरवर्थ, आणि फेरीबोटीनं पेनांगचं जॉर्जटाउन. २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं हे गाव मला सगळ्यांत आवडलं. एका बाजूला चिनी देऊळ, पलीकडं मशीद, मध्ये १८३३ सालचं मारिअम्मनचं मंदिर, आणि केळीच्या पानावर सांबार-भात. पाच दिवसांनी वरण-भाताच्या चवीचं काही पोटात गेलं! क्वालालंपूरला ४५२ मीटरचे जोडमनोरे आणि बाटू गुंफांच्या २७२ पायऱ्या पाहिल्या. पायऱ्या मी चढले, हे खाली नारळपाणी पीत बसले. दिवस त्यांचाच होता.

पैशांचं म्हणाल तर एका बाटला अडीच-तीन रुपये धरा. थायलंडातल्या यंत्रातून पैसे काढताना दर वेळी दोनशेच्या वर बाट कापले जातात, म्हणून एकदम काढा आणि दोघांनी वाटून ठेवा. थायलंडनं २०२४ साली आपल्याला व्हिसाविना ६० दिवसांची मुभा दिली, मलेशियानं त्याआधी, २०२३ च्या डिसेंबरपासून ३० दिवसांची. पण असले नियम मध्येच बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी माहितीवरून खात्री करून घ्या. दोन्ही देशांत येण्याचा फॉर्म आधी संगणकावर भरायचा असतो. तो फुकट आहे, मधल्या कुणाला पैसे देऊ नका. आणि पुढं सिंगापूर करणार असाल तर खसखस लावलेले अनारसे नेऊ नका. तिथं खसखशीला बंदी आहे!

‘पण घरी सासूबाई असतात, त्यांचं काय?’ हा प्रश्न येणारच. आमच्याकडं नणंदबाई सोळा दिवस येऊन राहिल्या. बोटीवरच्या नोकरीचं ऐकल्यापासून मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं; पण परत आल्यावर यांनीच ती गोष्ट हसत हसत त्यांच्यापुढं काढली. त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या, मग उठून यांच्यासाठी चहा टाकला. सासूबाईंना मात्र सगळ्यांत आवडला तो झाडाच्या मुळांतल्या बुद्धाचा फोटो. ‘अयोध्येचा आहे ना?’ म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांना तो देवघराशेजारी लावायचा आहे. चौकट करायला टाकली आहे.